जोडी कुणाची, जागा कुणाकडे?

खालीलपैकी लुईस आम्ल कोणतं? पर्याय असे: अमोनिया, पाणी, बोरॉन ट्रायफ्लोराइड आणि क्लोराइड आयन. निळा लिटमस लाल झाला की आम्ल, असं शाळेपासून शिकलेला मुलगा या चौघांत आधी हायड्रोजन शोधतो. तो अमोनियात सापडतो, पाण्यातही सापडतो. उत्तर मात्र ज्याच्यात हायड्रोजनचा मागमूस नाही ते बोरॉन ट्रायफ्लोराइड निघतं. मग तो उत्तर पाठ करून टाकतो. पुढच्या सराव परीक्षेत बोरॉनच्या जागी टिन टेट्राक्लोराइड आलं की पाठांतर तिथंच संपतं.

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि मानोरा या सहाही तालुक्यांतली बरीच मुलं दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात आणि अकरावीला इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. अकरावी-बारावीच्या पुस्तकांत लुईसची व्याख्या आयनिक समतोलाच्या धड्यात चार ओळींत उरकते. इतर धड्यांत, म्हणजे समन्वय संयुगांत, बोरॉनच्या कुटुंबात आणि बेन्झिनच्या अभिक्रियांत तीच व्याख्या वेगळ्या वेषात भेटत राहते, पण हे सगळं एकच आहे असं सांगायला कुणी थांबत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. फवारणीच्या दिवसांत घरात ‘चिलेटेड झिंक’चं पाकीट आणणाऱ्या पालकांनीही तो वाचायला हरकत नाही, कारण अख्ख्या धड्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण त्या पाकिटात आहे.

नियम आधीच सांगून टाकतो. जो इलेक्ट्रॉनांची जोडी देतो तो आम्लारी, जो ती घेतो तो आम्ल. ‘देतो’ म्हणजे सोडून देतो असं समजू नका. देणारा आपली जोडी दोघांत वाटून घ्यायला पुढे करतो आणि त्यातून नवा बंध तयार होतो. हा मुद्दा पुढे मोरचुदाजवळ कामाला येणार आहे.

हे लुईस म्हणजे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले गिल्बर्ट न्यूटन लुईस. दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांत वाटलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, हा विचार त्यांनी १९१६ मध्ये मांडला. तुम्ही वहीत संयुगांभोवती जे ठिपके काढता ते त्यांचेच. आम्ल-आम्लारीची ही व्याख्या आली १९२३ मध्ये. गंमत अशी की त्याच वर्षी डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी यांनी एकमेकांना न विचारता प्रोटॉनवर आधारलेली व्याख्या दिली. ती वापरायला सोपी होती, म्हणून लगेच रुळली. लुईसची व्याख्या बरीच वर्षं मागे राहिली. १९३८ मध्ये त्यांनी ती पुन्हा सविस्तर मांडली तेव्हा कुठे लोकांचं तिच्याकडे लक्ष गेलं. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण पारितोषिक काही मिळालं नाही.

आता पेन्सिल घ्या. लुईस आम्ल-आम्लारी ओळखणं हे डोक्यात करायचं काम नाही, कागदावर करायचं आहे. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. अमोनियात त्यातले तीन हायड्रोजनांशी बंध करण्यात गुंतले, उरले दोन. नायट्रोजनच्या डोक्यावर दोन ठिपके काढा. हीच एकाकी जोडी. आता बोरॉन घ्या. त्याच्याकडे मुळात तीनच इलेक्ट्रॉन, ते तीन फ्लोरिनांशी वाटले की त्याच्याभोवती एकूण सहा होतात. आठ व्हायला दोन कमी. म्हणजे बरोबर एका जोडीची जागा रिकामी. अमोनियाच्या ठिपक्यांपासून बोरॉनकडे बाण काढा. अमोनिया आम्लारी, बोरॉन ट्रायफ्लोराइड आम्ल आणि बाण जिथे पोचला तिथे नवा बंध. बाण नेहमी जोडीकडून जागेकडे जातो. निम्म्या चुका बाण उलटा काढल्यामुळे होतात. ज्याला हवंय त्याच्याकडून बाण निघाला पाहिजे असं मुलांना वाटतं. जोडी जिथे आहे तिथूनच बाण निघेल, दुसरीकडून निघायला तिथे काही नाहीच.

जोडी शोधणं सोपं आहे. नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस, गंधक आणि हॅलोजन यांच्यावर बहुधा ती सापडते. ऋण आयन असेल तर आम्लारी असण्याची शक्यता फार मोठी. इथिलीनसारख्या संयुगातल्या दुहेरी बंधाची दुसरी जोडीसुद्धा वेळप्रसंगी पुढे होते, तेही लक्षात असू द्या.

जागा शोधणं मात्र अवघड, आणि खरा अभ्यास तिथेच आहे. अष्टक अपुरं असेल तर जागा उघड दिसते: बोरॉनची आणि ॲल्युमिनियमची हॅलाइडं. धन आयन असेल तर त्याच्याकडे बहुधा जागा असते: हायड्रोजन आयन, तांबं, जस्त, लोह, मॅग्नेशियम. तिसरा प्रकार फसवा. सिलिकॉन टेट्राक्लोराइडमध्ये सिलिकॉनभोवती आठ इलेक्ट्रॉन पुरे आहेत, तरी तो आणखी जोड्या घेऊ शकतो, कारण तो तिसऱ्या आवर्तातला मोठा अणू आहे आणि त्याच्याभोवती आणखी शेजारी मावतात. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये कार्बनला ही सोय नाही. म्हणून पाणी पडलं की सिलिकॉनवालं धुरासकट फुटतं आणि कार्बनवालं ढिम्म राहतं. टिन टेट्राक्लोराइड आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइड सिलिकॉनच्याच बाजूचे. चौथ्या प्रकारात रिकामी जागा दिसत नाही, पण करता येते. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनभोवती आठ इलेक्ट्रॉन आहेत, पण हायड्रॉक्साइड आपली जोडी घेऊन आला की कार्बन-ऑक्सिजनमधल्या दुहेरी बंधाची एक जोडी ऑक्सिजनकडे सरकते आणि पाहुण्याला जागा होते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते ना, त्या पांढऱ्या रंगाची सुरुवात इथून आहे. भिंतीला दिलेला चुना हवेने कडक होतो, त्याचंही मूळ हेच.

आता घरातला एक डबा उघडू. कॅरमच्या बोर्डवर टाकायची पावडर बहुतेक ठिकाणी बोरिक आम्लाची असते. (लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ती पोटात जाण्याची वस्तू नाही.) बोरिक आम्लाच्या रेणूत तीन हायड्रोजन आहेत, तिन्ही ऑक्सिजनला जोडलेले. फॉस्फोरिक आम्लाच्या सवयीने कुणीही म्हणेल, हे त्रिआम्लारिधर्मी. पण बोरिक आम्ल स्वतःच्या तीनपैकी एकही हायड्रोजन सोडत नाही. बोरॉनजवळ एका जोडीची जागा रिकामी आहे. पाण्याचा रेणू आपल्या ऑक्सिजनची जोडी घेऊन तिथे बसतो आणि मग त्या पाण्यातला एक प्रोटॉन सुटून जातो. द्रावण किंचित आम्लधर्मी होतं ते पाण्याने गमावलेल्या प्रोटॉनमुळे. एका बोरॉनकडे जागा एकच, म्हणून सुटणारा प्रोटॉनही एकच. परीक्षेत ‘बोरिक आम्ल हे दुर्बल, एकआम्लारिधर्मी लुईस आम्ल आहे, कारण द्या’ असं विचारलं तर एवढंच लिहायचं आहे, आणि बोरॉनभोवतीचे सहा इलेक्ट्रॉन मोजून दाखवल्याशिवाय ते लिहू नका.

याच बोरॉनची हळदीशी जुनी ओळख आहे. रिसोड-वाशिमच्या बाजारात हळद येते, तेव्हा माल हाताशीच आहे. हळदीवर चुना किंवा साबण लागला की लाल रंग उमटतो, हे आपल्याकडे शाळेत जायच्या आधीच कळतं. कुरकुमिनने प्रोटॉन गमावला म्हणून तो रंग येतो. वरून लिंबू पिळलं की प्रोटॉन परत मिळतो आणि पुन्हा पिवळं होतं. बोरॉनने येणारा लाल रंग वेगळा. प्रयोगशाळेतली जुनी चाचणी अशी: हळदीचा कागद बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचा, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब द्यायचा आणि कागद हलकेच वाळवायचा. वाळता वाळता तांबूस तपकिरी रंग चढतो. कागद आम्लात असूनही पिवळा होत नाही, हे इथलं पाहण्यासारखं. वरून अल्कचा थेंब टाकला तर तोच डाग निळसर काळा पडतो. इथे कुरकुमिनच्या मधल्या भागातले दोन शेजारी ऑक्सिजन आपल्या जोड्या बोरॉनकडे करतात आणि बोरॉनला मध्ये धरून ठेवतात. पारंपरिक पद्धतीने कुंकू करताना हळकुंडांना लिंबाच्या रसाबरोबर टाकणखार लावतात. टाकणखार हे बोरॉनचंच संयुग. शिक्षकांना सुचवावंसं वाटतं की दोन कागद शेजारी ठेवा, एक चुन्याचा आणि एक बोरिकचा, आणि दोन्हींवर लिंबू पिळा. एक पिवळा होईल, एक होणार नाही. ब्रॉन्स्टेड आणि लुईस यांच्यातला फरक समजवायला याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

मोरचूद दुसरं. जिल्ह्यातल्या संत्रा बागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण. पाणी दहाच लिटर घेतलं की खोडाला लावायची बोर्डो पेस्ट. मोरचुदाचा निळा खडा परीक्षानळीत सावकाश तापवा. पाणी नळीच्या वरच्या भागात जमतं आणि खडा पांढरा, भुसभुशीत होतो. थंड झाल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा, थेंब पडलेली जागा चटकन निळी होते, नळीही कोमट लागते. खड्याच्या सूत्रात पाण्याचे पाच रेणू आहेत. त्यातले चार आपल्या ऑक्सिजनची जोडी तांब्याच्या आयनाला देऊन बसलेले असतात. तांबं आम्ल, पाणी आम्लारी. निळा रंग त्या चार पाण्यांच्या संगतीचा आहे, ती उठून गेली की रंगही जातो.

पुढचा भाग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करा, खिडक्या उघड्या ठेवून. मोरचुदाच्या द्रावणात अमोनियाचं द्रावण थेंब थेंब टाका. आधी फिकट निळसर गाळ येतो आणि सगळं गढूळ होतं. इथे पुष्कळ मुलं थांबतात आणि निरीक्षणात ‘गाळ मिळाला’ लिहून मोकळी होतात. थांबू नका. आणखी अमोनिया टाकत गेलं की गाळ विरघळतो आणि शाईसारखं गडद निळं, पारदर्शक द्रावण तयार होतं. अमोनियाच्या चार रेणूंनी आपल्या जोड्या तांब्याला दिल्या. पाण्यापेक्षा अमोनिया जोडी अधिक सहज पुढे करतो, कारण नायट्रोजन ऑक्सिजनइतका आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरत नाही.

आता त्याच मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवा. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढतो. बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला का, हे पाहायला शेतकरी असाच विळा किंवा चाकू बुडवून बघतात. पात्यावर तांबं चढलं तर आणखी चुना घालायचा. (म्हणूनच हे मिश्रण लोखंडी भांड्यात करायचं नसतं, प्लास्टिकचा ड्रम घ्यायचा.) हे लुईस आम्ल-आम्लारी आहे का? नाही. इथे लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन तांब्याला कायमचे देऊन टाकले, दोघांत बंध झालाच नाही. ते क्षपण-ऑक्सिडीकरण. अमोनियाने मात्र जोडी दिली आणि स्वतःही तिला धरून राहिला. प्रश्नात इलेक्ट्रॉन ‘दिले’ असं वाचलं की आधी हे बघा: नंतर देणारा आणि घेणारा एकत्र जोडलेले आहेत का? असतील तर लुईस. वेगळे असतील, किंवा कुणाची ऑक्सिडीकरण अवस्था बदलली असेल, तर दुसरा धडा उघडा.

आता ते पाकीट. वाशिमच्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बऱ्याच ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या आसपास असतो. अशा जमिनीत जस्त आणि लोह नसतं असं नाही, पिकाला ते मिळत नाही. दोघेही लुईस आम्लं आहेत, आणि जमिनीत जोडी घेऊन उभे असलेल्यांची कमी नाही: हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, फॉस्फेट. जस्ताचा आयन मोकळा सापडला की यांच्यातलं कुणीतरी त्याला धरतं आणि न विरघळणाऱ्या रूपात खाली बसवतं. डीएपीबरोबर झिंक सल्फेट मिसळून टाकू नका, असं सांगतात ते याचमुळे. फॉस्फेट आणि जस्त एकमेकांत अडकतात आणि दोन्हींचे पैसे वाया जातात.

चिलेटेड झिंकच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘झिंक ईडीटीए, १२ टक्के’ असं लिहिलेलं असतं. ईडीटीएच्या एकाच रेणूत जोडी देणाऱ्या सहा जागा आहेत, दोन नायट्रोजनच्या आणि चार ऑक्सिजनच्या. तो लवचीक रेणू जस्ताच्या आयनाभोवती सगळ्या बाजूंनी वळतो आणि सहाही जोड्या त्याला देतो. जस्ताची सगळी जागा भरली की हायड्रॉक्साइडला आणि फॉस्फेटला शिरकाव उरत नाही, जस्त विरघळलेलंच राहतं. परीक्षेच्या भाषेत ईडीटीए हा षड्दंती लिगँड. लिगँड म्हणजे लुईस आम्लारी, आणि मधला धातू म्हणजे लुईस आम्ल. समन्वय संयुगांचा धडा हे एक वाक्य समजून सुरू केला तर निम्मा सोपा जातो.

पाकिटावरचे टक्के मात्र नीट वाचा. साध्या झिंक सल्फेटमध्ये, म्हणजे सात पाणीवाल्यात, जस्त २१ टक्के असतं, चिलेटेडमध्ये बाराच. आकडा लहान म्हणून माल हलका, असा हिशेब करणारे भेटतात. पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएचंही वजन असतं, म्हणून टक्के कमी दिसतात. पण चिलेटेड म्हटलं की सगळीकडे चालतं, हेही खरं नाही. लोहाचं ईडीटीए फवारणीला ठीक. चुनखडीच्या जमिनीत टाकलं तर तिथला भरमसाट कॅल्शियम ईडीटीएला आपल्याकडे ओढतो आणि लोह मोकळं होऊन गाळात जातं. त्या जमिनीसाठी लोहाचं ईडीडीएचए हे दुसरं चिलेट असतं, ते जास्त सामूलाही टिकतं, आणि महागही असतं. समोर आम्लारी एकच असला तरी त्याच्यासाठी आम्लांची चढाओढ चालू असते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही चढाओढ स्थिरता स्थिरांकाने मोजतात, वावरात त्याचा पैसा होतो.

सोयाबीन पिवळं पडलं की लगेच पंप खांद्यावर घेऊ नका. लोहाची कमतरता कोवळ्या पानांत आधी दिसते; पान पिवळं आणि शिरा हिरव्या. नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. आणि पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक असू शकतो; तो विषाणू पांढऱ्या माशीने पसरतो आणि कोणत्याही चिलेटने बरा होत नाही. शंका असेल तर पान आणि मातीचा नमुना घेऊन करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवा. मात्रा पाकिटावरची आणि त्यांनी सांगितलेली, लेखातली नव्हे.

तुरटी थोडक्यात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ती फिरवली की ॲल्युमिनियमचा आयन पाण्याच्या सहा रेणूंकडून जोड्या घेतो. तो त्या ऑक्सिजनांना इतकं ओढतो की त्यांचे हायड्रोजन सैल होतात आणि काही सुटून जातात. ॲल्युमिनियमजवळ एकही हायड्रोजन नाही, तरी तुरटीचं पाणी निळ्या लिटमसला लाल करतं. लिटमस इथे खोटं बोलत नाही, पण खरं आम्ल कोण हेही सांगत नाही. शेवटी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे हलके गोळे बनतात आणि गाळ घेऊन तळाशी बसतात.

नीट आणि सीईटी देणाऱ्यांनी चार-पाच ठिकाणी सावध राहावं. सगळ्यात जुना सापळा बोरॉनच्या हॅलाइडांचा. फ्लोरिन सगळ्यात जास्त इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून बोरॉन ट्रायफ्लोराइड सगळ्यात तीव्र लुईस आम्ल असणार, हा तर्क सरळ वाटतो आणि चुकतो. फ्लोरिन आपल्याच एकाकी जोडीने बोरॉनची रिकामी जागा थोडी झाकतो. दोघांचे कक्षक सारख्याच आकाराचे असल्याने हे झाकणं चांगलं जमतं. क्लोरिनचं आणि ब्रोमिनचं तेवढं जमत नाही. म्हणून या तिघांचा क्रम उलटा: ट्रायब्रोमाइड सगळ्यात तीव्र, मग ट्रायक्लोराइड, मग ट्रायफ्लोराइड. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचं तसंच काहीसं: एकाकी जोडी आहे, पण तीन फ्लोरिनांनी इलेक्ट्रॉन इतके ओढून घेतलेत की ती पुढे यायला तयार नसते. अमोनियापुढे तो फारच दुर्बल आम्लारी. हायड्रोजन क्लोराइडबद्दल विचारलं तर नेमकं लिहा: जोडी घेतो तो त्यातला हायड्रोजन आयन.

फ्रिडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेत ॲल्युमिनियम क्लोराइड ‘निर्जल’ का लागतं, हा प्रश्न रट्टा मारून सोडवतात. न मारता सुटतो. तिथे ॲल्युमिनियमला अल्काइल क्लोराइडच्या क्लोरिनची जोडी घ्यायची आहे, म्हणजे कार्बनची बाजू धन होऊन बेन्झिनकडे वळेल. भांड्यात पाणी असेल तर पाण्याचा ऑक्सिजन आधीच ती जागा अडवून बसतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत या रसायनाची बाटली उघडी राहिली की पांढरा धूर निघतो तो हवेतल्या ओलाव्याशी चाललेल्या अभिक्रियेचा. धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, तेव्हा नाक जवळ नेऊ नका आणि झाकण लगेच लावा.

कार्बन मोनॉक्साइडमध्ये जोडी कोण देतो, असं आलं तर उत्तर कार्बन, ऑक्सिजन नव्हे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह हे लुईस आम्ल, आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, ते यासाठी.

सरावाला काही पदार्थ देतो. प्रत्येकाचे ठिपके काढल्याशिवाय पुढचं वाचू नका. फेरिक क्लोराइड, फॉस्फिन, मिथेन, डायमिथाइल ईथर, मॅग्नेशियम आयन, टेट्राक्लोरोॲल्युमिनेट आयन, सल्फर ट्रायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड.

फेरिक क्लोराइड आणि मॅग्नेशियम आयन आम्ल. फॉस्फिन आम्लारी, फॉस्फरसवर जोडी आहे; ईथरही, ऑक्सिजनवर दोन जोड्या. मिथेन दोन्ही नाही: चारही जोड्या बंधांत अडकलेल्या आणि कार्बनजवळ जागा नाही. टेट्राक्लोरोॲल्युमिनेटमध्ये ॲल्युमिनियम पाहून ‘आम्ल’ लिहिलं असेल तर ठिपके पुन्हा मोजा. चौथ्या क्लोरिनने अष्टक पुरं करून टाकलंय. सल्फर ट्रायऑक्साइड आम्ल, कार्बन डायऑक्साइडच्याच पद्धतीने. उरला सल्फर डायऑक्साइड. त्याच्या गंधकावर एकाकी जोडी आहे आणि दुहेरी बंध सरकवून जागाही करता येते, म्हणून तो दोन्ही बाजूंना बसतो. प्रश्नात त्याच्यासमोर कोण आहे ते पाहा: हायड्रॉक्साइड असेल तर तो आम्ल, धातू असेल तर आम्लारी, आणि समोर कुणीच दिलं नसेल तर दोन्ही लिहून प्रत्येकाला एकेक बाण काढून दाखवा.